उतारावर न थांबणारे पाय

पास्कोल फर्नांडिस, म्हणजे आमच्या वाडीचे पाववाले पाश्कूकाका, यांच्याइतका मी दुसऱ्या कुणाचा देणेकरी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो त्याचं कारण माझी हुशारी नव्हे, पाश्कूकाकांची सायकल. कुडाळच्या बाजूला आमची वाडी रस्त्यापासून आत होती. सकाळची एसटी यायची तेव्हा हायस्कुलात दुसरा तास सुरू झालेला असायचा. पाश्कूकाका भल्या पहाटे भट्टीतले पाव घेऊन निघायचे आणि शाळेच्या गावातल्या खानावळींना पाव पोचवायचे. पाचवीत असताना एकदा त्यांनी मला रस्त्यावर एसटीची वाट बघत रडताना पाहिलं आणि सायकलच्या दांडीवर बसवलं. त्यानंतर दहावीपर्यंत मी त्या दांडीवरच शाळेत गेलो. आईने एकदा त्यांना विचारलं की झिलाचं, म्हणजे माझं, ओझं होत नाही का. ते म्हणाले, पावाक वजन नसता गे, सायकल वाऱ्यार हलता, पुढे कोण तरी बसलेलो बरो.

कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पावाच्या पिशव्या लटकलेल्या असायच्या. त्यांची ऊब मागून यायची आणि पुढून थंडी. चढ असला की काका बोलायचे नाहीत. त्यांचे गुडघे माझ्या दोन्ही बाजूंनी वरखाली होत राहायचे आणि श्वास माझ्या टाळूवर लागायचा. मग उतार यायचा. गुडघे थांबायचे, मागच्या चाकातून किर्र असा बारीक आवाज सुरू व्हायचा, आणि पाश्कूकाका बोलायला लागायचे. काल शाळेत काय शिकलंस ते सांग, म्हणायचे. मी सांगायचो, ते ऐकायचे, मध्येच एखादा प्रश्न विचारायचे, आणि तो इतका साधा असायचा की मला उत्तर यायचं नाही. पान हिरवं का असतं हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, मग पिकल्यावर त्या हिरव्याचं काय होतं? माझं निम्मं विज्ञान त्या उतारावर झालं. उतार जिथे संपायचा तिथे रस्त्याच्या कडेला एक क्रूस होता. तिथे आलो की ते चालत्या सायकलवरूनच डाव्या पायडलवर उभे राहायचे, उजवी टांग मागून काढायचे आणि अलगद जमिनीवर यायचे. चार पावलं डोकं उघडं ठेवून चालायचं, मग पुन्हा दोन उड्या, टांग, आणि पुढे. मी हिंदू, पण पुढे कॉलेजला जाताना माझी स्वतःची जुनी सायकल आली तेव्हा मीही त्या क्रूसाकडे तसाच उतरायचो. कुणी शिकवलं नव्हतं. पायाला सवय होती.

बी.एस्सी. झालो, लॅबोरेटरीचा डिप्लोमा केला आणि मुंबईला मामाकडे आलो. मामा दिंडोशीला राहायचा, चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. तो कोर्टात पट्टेवाला होता. दिवसभर कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, त्यामुळे घरीसुद्धा त्याला हळू बोलता यायचं नाही. मीठ वाढ म्हणून सांगितलं तरी शेजारी दचकायचे. मामी त्याच्या उलट, हळू आवाजाची, पण एकेक वाक्य असं की ऐकणारा तिथेच थांबावा. पहाटे तिचा कुकर, मग खालच्या पंपाची घरघर, मग बिडाच्या तव्यावर घावनाचं पीठ पडल्याचा चर्र आवाज, या क्रमाने माझी झोप उघडायची. खरं तर झोप त्याच्या आधीच उघडलेली असायची. मी अंथरुणावर डोळे मिटून बसच्या वेळा मोजत पडायचो.

काळजी नोकरीची होती. अंधेरीत मरोळच्या बाजूला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार. लॅब नाडकर्णी मॅडमची होती. पहाटे शटर उघडायचं आणि पहिल्या तासातलं रक्त घ्यायचं काम माझं. ज्यांनी उपाशीपोटी तपासणी केली आहे त्यांना ठाऊक असेल, रात्री जेवलेला माणूस सकाळी चहाचा घोटही न घेता येतो, आणि त्याचं सगळं लक्ष दाराकडे असतं. आमच्याकडे येणारे बहुतेक म्हातारे, साखरेचे. ते माझ्याआधी येऊन पायरीवर बसलेले असायचे. दिंडोशीहून आरेतून मरोळला जाणारी बस होती, पण रस्त्याचं काम निघालं होतं. ती कधी यायची, कधी भलतीकडून वळायची. त्या वेळी आरेतून यायला रिक्षावाले तयार नसायचे, आणि रोज रिक्षा मला परवडणारीही नव्हती. दोनदा मला उशीर झाला. दुसऱ्यांदा झाला तेव्हा मॅडमनी मला आत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

“तुला उशीर झाला की तू थांबत नाहीस, बाहेरची माणसं थांबतात. रात्रीपासून पोटात काही नसतं त्यांच्या. तिसऱ्यांदा असं झालं तर मी दुसरा मुलगा बघीन.”

त्या दिवसापासून मी लॅबला कसं पोचायचं हा सगळ्या घराचा प्रश्न झाला. मामा म्हणाला स्कूटर घे, मामी म्हणाली स्कूटर कुणाच्या जिवावर. मीच सायकल म्हणालो, कारण सायकलला कुणाची वाट बघावी लागत नाही आणि मला ती येत होती. मामीचं म्हणणं होतं की आरेत वाघ आहे. मी म्हटलं, मामी, तो वाघ नव्हे, बिबट्या.

“चावल्यार तेका नाव इचारतलंस काय?” मामी म्हणाली.

कोणती सायकल घ्यावी हे मी पाश्कूकाकांना विचारायचं ठरवलं. त्यांना तोवर ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे फोनवर त्यांची बायको कॅतरीनकाकी बोलायची. मी तिला सांगायचो, ती त्यांच्या कानात ओरडायची, ते जे बोलायचे ते ती मला सांगायची. मी विचारलं की गिअरची घेऊ की साधी. त्यांचं उत्तर मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं नाही, कारण ऐकू न येणारा माणूस मोठ्याने बोलतो आणि त्यांचा आवाज थेट माझ्यापर्यंत आला. “हलणारा-डुलणारा काय नको. लोखंड बघ. सगळा कसा फिक्स होया.” आमच्याकडे खाटेचा पाय घट्ट बसला की म्हणतात फिक्स बसलो. दरवाजा, चौकट, खुंटी, सगळं एक तर खुळखुळतं नाहीतर फिक्स असतं. मी तो शब्द मनात धरून ठेवला.

मामा बरोबर आला. गोरेगावात हायवेच्या अलीकडे एक मोठं सायकलचं दुकान होतं. काचेच्या आत रंगीत सायकली टांगलेल्या, आत गार हवा, आणि माझ्या पायात चप्पल. अशा दुकानात शिरताना मला अजूनही आधी कपडे झटकावेसे वाटतात. मालकाने आम्हाला जाड चाकांच्या, पुढे स्प्रिंग असलेल्या, मुठीपाशी दोन्हीकडे गिअर असलेल्या सायकली दाखवल्या. मी एकेक सायकल थोडी उचलायचो आणि सोडून द्यायचो. पाश्कूकाका अशी बघायचे. सोडल्यावर जी वाजते ती सायकल लवकर म्हातारी होते, असं त्यांचं मत. सगळ्या वाजल्या. मामा तोवर मालकाची उलटतपासणी घेत होता. ही तार तुटली तर? ही स्प्रिंग बसली तर? सकाळी साडेपाचला आरेत हे गिअर अडकले तर तुम्ही येणार का? त्याच्या आवाजाने दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते लवकर संपावं म्हणून मी माझ्या शाळेतल्या हिंदीत म्हणालो, भाईसाब, मजबूत चाहिए, एकदम फिक्स.

मालक चमकला. त्याने माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे बघितलं.

“फिक्स? पक्का फिक्स?”

“हाँ, पक्का.”

“चला लोगे?”

मला जरा अपमान वाटला. मी म्हणालो, बचपन से चलाता हूँ. त्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आदर आला तो मला समजला नाही, पण आवडला. त्याने मागून एक काळी सायकल आणली. कुणा कॉलेजच्या मुलाने मागवली होती, पण न्यायला आलाच नाही म्हणे. लोखंडी, सरळ दांडीची, एकच साखळी, ना गिअर ना स्प्रिंग. मी उचलून सोडली. धप् असा एक आवाज आला आणि बस. काही खुळखुळलं नाही. मामाने दांडीवर बोटाची गाठ वाजवून बघितली आणि मान हलवली. मालकाने दोन्ही ब्रेक लावून दिले, ब्रेक तो रहने ही चाहिए असं बजावलं, मागे एक कॅरियर बसवलं. एक चक्कर मारून बघा म्हणाला. मी नको म्हणालो. रस्त्यावर माणसं होती, आणि मामाने तर स्पष्टच सांगितलं की नारळ फोडल्याशिवाय नवीन गाडीवर बसायचं नाही.

म्हणून आम्ही ती सायकल गोरेगावहून दिंडोशीला हातात धरून चालवत नेली. मी हँडल धरलेलं, मामा कॅरियरवर हात ठेवून, एखाद्या नवरीला घरी आणावं तसं. चालता चालता पायडलं आपोआप गोल फिरत होती आणि डावं पायडल पुन्हा पुन्हा येऊन माझ्या नडगीवर आदळत होतं. मी म्हटलं, मामा, हे फिरतंय. मामा म्हणाला, नवीन आहे, टाइट आहे, सुटेल हळूहळू. आज मी हे माझ्या मुलीला सांगितलं की ती हसून लोळते. तिला सायकलींतलं सगळं कळतं. पण त्या दिवशी एक पट्टेवाला आणि एक पदवीधर, दोघेही त्या फिरणाऱ्या पायडलकडे बघत हायवेच्या कडेने चालत होते आणि दोघांनाही शंका आली नाही.

मामीने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा हँडलवर ठेवला. संध्याकाळी मी सायकल कंपाउंडमध्ये काढली. नेहमीसारखा डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्या पायाने दोन उड्या घेतल्या, आणि पायडल पायाखालून वर आलं. मी तिरका होऊन भिंतीला जाऊन टेकलो. दुसऱ्यांदा भिंतीला धरून बसलो, चार पायडल मारले, आणि पाय थांबवले. पाय थांबले नाहीत. सायकलने माझे गुडघे धरून वर उचलले, जणू खालून कुणी ढकलत होतं. खालच्या मजल्यावरचा सनी, बारावीला दोनदा बसलेला आणि सगळ्या गाड्यांची माहिती असलेला, पायरीवर बसून बघत होता.

“वाट लागली,” तो म्हणाला. “यार, ही फिक्सी आहे. हिला फ्री नसतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. तू उतारावर पाय थांबवशील ना, ती तुला फेकेल.”

मग त्याने उकिडवं बसून मला दाखवलं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दाते होते. एका बाजूचे घट्ट, दुसऱ्या बाजूचे मोकळे. चाक काढून उलटं बसवलं की साधी सायकल होते, आता झकास करून देतो, म्हणाला. पण त्याच्याकडचा पाना त्या नटाला बसेना, आणि दुकान दुसऱ्या दिवशी बंद होतं. मी वर आलो तेव्हा मामीने एका नजरेत ओळखलं. जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ होती, माझ्या आवडीची. ती अर्धी ताटात तशीच राहिली. मामाला मी काहीच सांगितलं नाही, कारण तो पुकारा करून सगळ्या बिल्डिंगला सांगेल. अंथरुणावर पडून मी विचार करत राहिलो. बस आली नाही तर तिसरा उशीर. सायकल घेतली तर ती फेकेल. वाडीत आईने माझ्या नोकरीचे पेढे वाटले होते. ते परत कसे घेतात?

पहाटे मी सायकल घेतली. मामीने कॅरियरला डबा बांधला आणि कुठूनसा पोपटी रंगाचा एक रबरी फुग्याचा पोंगा आणून हँडलला लावला, वाघासाठी. भिंत धरून बसलो. सपाटीवर फार वाईट नव्हतं. आरेच्या फाटकातून आत शिरल्यावर चढ लागला, आणि चढावर तर ती मला साध्या सायकलपेक्षा बरी वाटली, कारण चाकच पाय पुढे ओढत होतं. झाडांखाली अंधार होता. प्रत्येक झुडपापाशी मी पोंगा दाबायचो. मग पहिला उतार आला. पाय माझे राहिले नाहीत. ते इतक्या वेगाने फिरायला लागले की मला ते खाली बघवेनात. दोन्ही ब्रेक दाबले, दात आवळले. पाश्कूकाका ज्या वेळी बोलायला लागायचे ती ही वेळ, असा विचार मनात आला, आणि इथे माझ्या तोंडून श्वासही निघत नव्हता. पण उतार संपला आणि मी सायकलवरच होतो. पुढचा उतार मी वरूनच हळू घेतला. पाय मागे रेटले की चाक मंदावतं हे तेव्हा कळलं. मरोळच्या बाजूला शेवटचा लांब उतार उतरलो तेव्हा आभाळ पांढरं झालं होतं, आणि मी वेळेच्या बराच आधी होतो. मला हसू आलं असावं.

उतार जिथे संपतो तिथे वळणावर एक क्रूस आहे. मरोळ जुनं गाव, तिथे असे बरेच आहेत. पांढरा चुना, पायथ्याशी झेंडूची माळ, एक विझलेली मेणबत्ती. बसमधून तो मला कधी दिसला नव्हता. डोक्याने काही ठरवायच्या आत माझा डावा पाय पायडलवर ताठ उभा राहिला आणि उजवी टांग मागून निघाली.

त्यापुढचं एवढंच आठवतं की डावं पायडल लिफ्टसारखं वर आलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. उजव्या हातावर पडलो. सायकल माझ्या शेजारी धप् असा तोच एक आवाज करून पडली आणि तिचं मागचं चाक थांबेपर्यंत पायडलं फिरत राहिली. तिला काही झालं नव्हतं. डबा उघडून घावन रस्त्यावर पसरलं होतं. मी क्रूसासमोर गुडघ्यावर होतो, म्हणजे उतरलो होतो म्हणायला हरकत नाही.

शटर वेळेवर उघडलं. ते डाव्या हाताने उघडलं. पायरीवर नेहमीचे म्हातारे होते आणि सगळ्यांत पुढे चौबळ आजोबा. ते निवृत्त शिक्षक, रोज काहीतरी टोचून बोलणारे. आज बस सापडली वाटतं, म्हणाले. मी हात धुतला, खरचटलेल्या तळव्यावर पट्टी लावली, ग्लोव्हज चढवले. मनगट सुजत होतं. आजोबा खुर्चीत बसून शर्टाची बाही वर करून बसले. मी दंडाला पट्टा बांधला, शीर बघितली, सुई उघडली. सुईचं टोक हलत होतं. मी हात टेबलावर टेकवून बघितला, तरी हलत होतं.

त्या क्षणी माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या आणि त्या मला फार स्पष्ट दिसत होत्या. सुई लावली तर कदाचित नीट लागेल, कदाचित शीर फुटेल आणि म्हाताऱ्याचा दंड काळानिळा होईल, पण मॅडमना कळणार नाही. नाही लावली तर ही सगळी माणसं मॅडम येईपर्यंत उपाशी थांबणार, आणि हा तिसरा उशीर.

“मार की रे,” चौबळ आजोबा म्हणाले. “मला सवय आहे. लागलं तर लागलं. चहा प्यायचाय मला.”

“नाही आजोबा. आज माझा हात धड नाही.”

मी पट्टा सोडला, सुई टाकून दिली आणि मॅडमना फोन लावला. फोनवर मी काय बोललो ते आठवत नाही. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं की माझा हात दुखावलाय, मॅडम येताहेत, थोडं थांबावं लागेल. कुणी रागावलं, कुणी घड्याळ बघितलं. एक बाई उठून गेल्या. चौबळ आजोबांनी मला त्यांच्या शेजारी पायरीवर बसायला सांगितलं. तूही उपाशीच दिसतोस, म्हणाले, बस मग आमच्यात.

मॅडम ओल्या केसांनीच रिक्षातून उतरल्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं. शेवटचा माणूस गेल्यावर माझं मनगट फिरवून बघितलं, मोडलेलं नाही म्हणाल्या, आणि विचारलं काय झालं. मी सांगितलं. क्रूसाचं, पाश्कूकाकांचं, टांगेचं, सगळं. त्या हसल्या नाहीत.

“हात बरा होईपर्यंत सुई नाही. नोंदी कर. आणि त्या सायकलवरून उतरायला शीक आधी.”

नोकरी आहे की गेली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढचे दिवस मी नावं आणि वयं लिहीत बसलो. पहाटे आता मॅडमच शटर उघडून किल्ली माझ्याकडे द्यायच्या, आणि संध्याकाळी मी ती त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचो. रोज वाटायचं, उद्या ती मला परत मिळायची नाही. रात्री मामी विचारायची, बाई काही बोलली? मी म्हणायचो, नाही. मग मामाही हळू बोलायला लागला, आणि घर इतकं शांत झालं की मला भीती वाटायची. मनगटाची सूज उतरली, मॅडमनी स्वतःचाच दंड पुढे करून माझ्याकडून एकदा रक्त काढून घेतलं, बघितलं, आणि कापूस दाबून निघून गेल्या. त्या संध्याकाळी मी किल्ली टेबलावर ठेवली तर त्यांनी ती बोटाने माझ्याकडे सरकवली. राहू दे तुझ्याकडेच, म्हणाल्या, आणि सूक्ष्मदर्शकावर पुन्हा वाकल्या.

सनीने मधल्या दिवसांत दुकानातून पाना आणला होता. चल, चाक उलटं करून देतो, म्हणाला, पाच मिनिटांत माणसात येशील. मी सायकल भिंतीला उलटी उभी केली, तो नट सैल करायला वाकला, आणि मी त्याला थांबवलं. का थांबवलं ते त्याला सांगता आलं नाही. त्याला वाटलं मी शहाणपणा करतोय. आता सांगता येईल. मी भित्रा माणूस आहे. साध्या सायकलवर उतारावर पाय मोकळे राहतात आणि मन भलतीकडे जातं. या सायकलवर किती वेगाने चाललोय हे तळपायांना कळत राहतं. पायच ब्रेक होतात. तुटायला तार नाही, अडकायला गिअर नाहीत, सोडली तर वाजत नाही. पुढे कित्येक वर्षं मी तिच्यावरून लॅबला गेलो आणि उशीर होण्यासारखं काही तिने केलं नाही. आता माझे गुडघे दुखतात. ती गॅलरीत भिंतीला टांगलेली आहे आणि मुलगी तिच्यावर डोळा ठेवून आहे.

किल्ली मिळाली त्या रात्री मी पाश्कूकाकांना पत्र लिहिलं. फोनवर कॅतरीनकाकीने त्यांच्या कानात एवढं सगळं ओरडणं शक्य नव्हतं. काका गेल्यावर ते पत्र तिने मला परत दिलं. पावाच्या पिठाचा त्याला अजून वास येतो, किंवा मला तसं वाटतं. ते असं आहे.

तीर्थस्वरूप पाश्कूकाका यांस,

साष्टांग नमस्कार. नोकरी कायम झाली. आईला सांगा, मी फोन करीनच, पण तिला आधी तुमच्याकडून कळावं असं वाटतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सायकल घेतली. लोखंडाची आहे, सोडली तर वाजत नाही. फिक्स आहे. इतकी फिक्स आहे की तुम्ही हसाल, ते सगळं भेटीत सांगीन. या सायकलवर उतारावर पाय थांबत नाहीत. म्हणजे तुम्ही हिच्यावर मला काही विचारू शकला नसता आणि मी अजून पाचवीतच असतो.

मामीने वाघासाठी पोंगा लावून दिलाय. वाघ अजून भेटला नाही. पण आरेत म्हशींचे गोठे आहेत, तिथे परवा पहाटे पोंगा वाजवला तर एक बाई भांडं घासता घासता धावत रस्त्यावर आली आणि म्हणाली, दोन लादी दे रे. मी म्हटलं, मी पाववाला नाही. ती म्हणाली, मग वाजवतोस कशाला? तुमच्या प्रश्नांसारखाच प्रश्न होता.

सकाळी लॅबच्या पायरीवर माणसं माझी वाट बघत बसलेली असतात. उपाशी असतात. तुमची पण खानावळीवाले अशीच वाट बघायचे, आणि पुढे दांडीवर मी. तुम्हाला कधी घाई झालेली मी पाहिली नाही. ती कुठे ठेवायचात ते मला विचारायचं होतं.

इथेही उतार संपतो तिथे एक क्रूस आहे. मी तिथे अजून उतरतो. पण आता आधी थांबतो, मग उतरतो.

तुमचा,
दांडीवरचा सुधीर